बुद्रुकमधला उकार

पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूरजवळ तुम्ही एसटीतून उतरता. गाव वरवे बुद्रुक. हे नाव धावत्या गाडीतूनही वाचता येईल अशा जाडजूड अक्षरांत हवं, एवढंच तुमचं मागणं. सहा अक्षरं कागदावर उतरवून घ्या आणि मागे चला.

लंडन, १८४५. फॅन स्ट्रीटवरच्या ओतशाळेत रॉबर्ट बेस्ली यांचा नवा टाइप बाहेर पडतोय, नाव क्लॅरेंडन. पंच, म्हणजे अक्षरांचे पोलादी ठसे, कापलेत बेंजामिन फॉक्स यांनी. हात लावून बघा: रोमन अक्षरांच्या माथ्याला आणि पायाला भक्कम आडव्या पट्ट्या. जाहिरातींत असे पट्टीवाले टाइप गेली तीसेक वर्षं गाजताहेत. बेस्ली यांनी या नव्या घडणीची नोंदणी केलीय, पण संरक्षण जेमतेम तीन वर्षांचं. ते संपताच इतर ओतशाळा नकला पाडणार आहेत.

अशीच पट्टी ‘व’च्या कान्याखाली ठोकली तर? हा प्रश्न घेऊन मुंबईला या.

१८६९. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये पोरवयात टाइप घासणाऱ्या जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना नुकताच काढलाय. वितळलेल्या शिशाचा वास घशाला बसतो. तिथले कारागीर राणोजी रावजी आरू पोलादी पंचावर वाकलेत. तुमचा कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि गप्प उभे राहा, कारण आता कानस बोलणार आहे.

‘व’ उलटा कापला जातो. पंच दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी धरली की कागदावर दाबायचा. अक्षर सुलट उमटतं. रेघ जाड केली, पोट आवळलं. आणखी जाड केली, पोट बुजायला आलं. आता ‘ब’ बघा. ‘व’ आणि ‘ब’ यांच्यात फरक काय तो पोटातल्या तिरक्या रेघेचा. शाई थोडी पसरली की वरव्याचं बरबं होतं! जाडी वाढवताना मोकळी जागा राखणं, खरी कारागिरी तिथे लागते. मला तर ती काळ्या रेघेपेक्षा मोलाची वाटते.

मग तुम्ही पट्टीचा विषय काढता आणि ‘बु’पाशी अडता. उकार लोंबतो तो कान्याच्या पायाला. तिथेच पट्टी बसवली तर उकार जाणार कुठे? ‘द्रु’ तर त्याहून अवघड: ‘द’च्या शेपटीत ‘र’ची तिरकी काडी, तिच्याखाली उकार. टाइप जुळवणाऱ्याला एवढं सगळं शिशाच्या खिळ्याच्या उंचीत बसवायचंय. रोमन अक्षर पायावर उभं राहतं, त्यामुळे त्याला जाड जोडे चालतात. आपलं अक्षर शिरोरेघेला टांगलेलं. त्याला आडवा भार माथ्यावर आधीच मिळालाय. खालची जागा उकार, ऋकार आणि पाय मोडण्याची. ती अडवणारा टाइप कितीही देखणा असो, तो मराठीचा नव्हे.

आता पुढे, २०१५. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा फाँट पडद्यावर उघडा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचं काम. अक्षरं फुगून गुबगुबीत झालीत, पोटात उरल्यात फक्त बारीक पांढऱ्या चिरा. जाडी आणायला इथे पायाखाली पट्टी लागलेली नाही. फाँट मोफत आहे. गावच्या पुढच्या यात्रेचा फ्लेक्स करणाऱ्याला त्याचं नाव सांगून ठेवा.