अतिसंवाहक चुंबकांचे उच्चदाब निरोधन
अतिसंवाहक चुंबकांचे उच्चदाब निरोधन : अणुकेंद्रीय संघटन विक्रियकातील (अणुभट्टीतील) अतितप्त आयनद्रायू (प्लाझ्मा) कोंडून ठेवणाऱ्या अतिसंवाहक वेटोळ्यांना विद्युत् विसर्जनापासून वाचविण्याची योजना. अतिसंवाहकाचा रोध शून्य असल्याने स्थिर प्रवाह वाहत असता वेटोळ्यात विद्युत् दाब जवळजवळ नसतो. मात्र एखादा भाग तापून अतिसंवाहकता लोपल्यास साठलेली ऊर्जा त्वरित बाहेरील रोधकांत काढून घ्यावी लागते. प्रवाह जलद घटविल्यास प्रवर्तित दाब वाढतो. सावकाश घटविल्यास संवाहक जळण्याचा संभव असतो. फ्रान्समधील ईटर विक्रियकाच्या १८ मुख्य वेटोळ्यांत ६८,००० अँपिअर प्रवाहास ४१ अब्ज जूल ऊर्जा साठेल, अशी योजना आहे.

संघटन ऊर्जा दोन दशकांत नियंत्रित करता येईल, असे भाकीत होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनीव्हा येथील परिषदेत केले. कॅमर्लिंग-ऑनेस यांनी १९११ मध्ये शोधलेली अतिसंवाहकता प्रबळ चुंबकांसाठी उपयुक्त ठरली ती मात्र १९६१ मध्ये. त्या वर्षी निओबियम व कथिल यांचे संयुग तीव्र क्षेत्रातही अतिसंवाहक राहते, असे कुन्झ्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. रशियातील टी-७ या यंत्रात १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अतिसंवाहक वेटोळी वापरण्यात आली.

चंद्रपूर–पडघे एकदिश प्रवाह वाहिनीवर (१९९९) जमिनीसापेक्ष ५ लाख व्होल्ट दाब असतो; तेथे मोकळ्या हवेतील अंतर निरोधनास पुरते. चुंबकाभोवती निर्वात असतो. उत्तम निर्वात चांगला निरोधक होय. परंतु हीलियमाची गळती होऊन वायू विरळ अवस्थेत साचल्यास पाशेन यांच्या नियमानुसार (१८८९) काहीशे व्होल्टनाही विसर्जन होऊ शकते. म्हणून काचतंतूचे कापड व पॉलिइमाइड पट्ट्या गुंडाळून त्यांत निर्वातात एपॉक्सी रेझीन भरतात. जोड व टोके येथे हे काम हातांनी करावे लागत असल्याने दोष बहुधा तेथेच राहतात.

जपानमधील नाका येथील जेटी-६०एसए यंत्रात मार्च २०२१ मध्ये याचाच प्रत्यय आला. एका वेटोळ्याच्या जोडाचे निरोधन अपुरे ठरून ठिणगी पडली, हीलियम गळाले व दुरुस्तीमुळे पहिला आयनद्रायू ऑक्टोबर २०२३ पर्यंत लांबला. गांधीनगर येथील एसएसटी-१ यंत्राचे जोडही प्रारंभीच्या चाचण्यांनंतर नव्याने करण्यात आले. सोळाही मुख्य वेटोळी थंड अवस्थेत पूर्ण प्रवाहावर तपासून घेतल्यावर जून २०१३ मध्ये त्यात आयनद्रायू मिळाला. यामुळे पूर्ण दाबाची चाचणी केवळ उत्तम निर्वातात न घेता विरळ वायूतही घेणे आवश्यक मानले जाते.

[⟶ अतिसंवाहकता, आयनद्रायू भौतिकी].