व्हाइट रिम रोड

अमेरिकेच्या यूटा राज्यातील कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला, सुमारे १६० किमी. लांबीचा कच्चा रस्ता. मोआब हे जवळचे गाव. ‘आयलंड इन द स्काय’ या पठाराला वळसा घालणारा हा रस्ता माथ्याच्या सुमारे ३६५ मी. खाली, खडकाच्या रुंद पायरीवरून जातो. पूर्वेस कोलोरॅडो व पश्चिमेस ग्रीन या नद्या आणखी खोल दऱ्यांतून वाहतात. पायरीचा पांढुरका वालुकाश्म पर्मियन काळातील असून त्यावरूनच रस्त्याला नाव मिळाले. खालचा मऊ खडक लवकर झिजतो, त्यामुळे कठीण वालुकाश्माच्या टोप्या घातलेले सुळके उभे राहतात. मॉन्युमेंट बेसिनमध्ये ते विशेष दिसतात.

युरेनियमच्या शोधासाठी १९५० च्या दशकात अणुऊर्जा आयोगाच्या पुढाकाराने हा रस्ता काढण्यात आला. १९६४ मध्ये उद्यान स्थापन झाल्यावर तो पर्यटकांच्या वाटेला आला.

चारचाकीने या फेरीस साधारणपणे दोन ते तीन दिवस लागतात. जमिनीपासून पुरेशी उंच व लो-रेंज गिअर असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच येथे चालते. शेफर ट्रेलची नागमोडी उतरण, मर्फी हॉगबॅकचा खडा चढ आणि हार्डस्क्रॅबल टेकडीवरील अरुंद वळणे हे कसोटीचे टप्पे. काही ठिकाणी एका बाजूला कडा व दुसऱ्या बाजूला दरी असते. समोरून गाडी आली, तर एकीला रुंद जागेपर्यंत मागे जावे लागते. पावसात चिकणमाती निसरडी होऊन चढ-उतार बंद पडतात, तर ग्रीन नदीला पूर आल्यास पश्चिमेकडील सखल भाग पाण्याखाली जातो. ऑगस्ट २०१० मध्ये मिनरल बॉटमची घाटवळणे पावसाने वाहून गेली होती. दुरुस्तीनंतर २०११ मध्ये ती पुन्हा खुली झाली.

वाटेत पिण्याचे पाणी, इंधन वा दुकान नाही. माणशी दररोज किमान चार लिटर पाणी, सुटे चाक, जॅक व जादा इंधन सोबत घ्यावे. बंद पडलेली गाडी ओढून आणण्याचा खर्च हजार डॉलरांहून अधिक येऊ शकतो. दिवसाच्या फेरीसाठी व मुक्कामासाठी परवाना आवश्यक असून मुक्काम ठरलेल्या तळांवरच करता येतो. लाकडे पेटवण्यास व पाळीव प्राणी नेण्यास, ते गाडीत असले तरी, मनाई आहे.

रस्त्यालगतच्या मातीवर काळपट, खडबडीत साय दिसते. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल व शेवाळ यांनी बनलेला हा जिवंत थर माती धरून ठेवतो आणि तिला नत्र पुरवतो. एका चाकोरीने मोडलेला थर भरून यायला अनेक वर्षे लागतात; म्हणून गाडी रस्त्याबाहेर नेण्यास सक्त बंदी आहे.