'स्वामी', 'राऊ' आणि शाळेचं ग्रंथालय : ऐतिहासिक प्रेमकादंबरी वाचणं हा ग्रंथपालाचा अभ्यास कसा ठरतो?

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गानं उत्तरेला निघालं की सोनगीर लागतं. टेकडीवरचा किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी ही या गावाची ओळख. समजा, इथली एखादी मुलगी शाळेत ग्रंथपाल व्हायचं म्हणून कोर्स करतेय आणि एसटीत बसल्या बसल्या 'स्वामी' वाचतेय. घरातून प्रश्न येणारच, "अभ्यास सोडून कादंबऱ्या कसल्या वाचतेस?"

खरं तर हाही तिचा अभ्यासच आहे. कसा, ते समजून घेऊ.

शाळेचा ग्रंथपाल व्हायला काय शिकतात?

महाराष्ट्रात ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. पदवीनंतर बी. लिब. असते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती घरी राहूनही करता येते.

यात दाखल नोंदवही कशी ठेवायची, पुस्तकाला वर्गांक कसा द्यायचा, तालिका कशी करायची, देवघेव कशी सांभाळायची हे शिकवतात. सोबत डॉ. एस. आर. रंगनाथन यांची १९३१ सालची पंचसूत्रीही असते. त्यातली दोन सूत्रं इथे महत्त्वाची : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे.

आता कपाटातली पुस्तकंच वाचलेली नसतील, तर कुठलं पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं हे कळणार कसं?

ही कादंबरी आली कुठून?

इंग्रजीत 'इन्स्पिरेशनल हिस्टॉरिकल रोमान्स' असा वेगळा प्रकार आहे. जुना काळ, प्रेमकथा आणि ख्रिस्ती श्रद्धेची शिकवण असं त्याचं स्वरूप. जेनेट ओक यांची १९७९ ची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही त्यातली गाजलेली कादंबरी. मराठीत हुबेहूब असा कप्पा नाही, पण प्रेम, त्याग आणि इतिहास यांची सांगड घालणाऱ्या कादंबऱ्या भरपूर आहेत.

रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. पुढे हा प्रकार घरोघरी नेला ह. ना. आपट्यांनी, आणि त्यांचा जन्म खानदेशातलाच. ते १८६४ साली पारोळ्यात जन्मले. त्यांची 'उषःकाल' त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती.

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली. तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ ची. २०१५ चा 'बाजीराव मस्तानी' हा सिनेमा याच कादंबरीवर आधारलेला आहे.

खरं किती, रचलेलं किती?

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयानं वारले. वय २७. रमाबाई सती गेल्या. हा झाला इतिहास. दोघांमधले संवाद, रुसवे-फुगवे, एकांतातले क्षण ही लेखकाची निर्मिती.

मस्तानीचंही तसंच. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ च्या पानिपतच्या युद्धात लढला आणि जखमी होऊन गेला, पुणे जिल्ह्यात पाबळला तिची कबर आहे, एवढं पक्कं. पण तिच्या मनात काय चाललं होतं, याचा कागद नाही. ती जागा कादंबरीकार भरतो. त्यावर सिनेमा आणखी रंग चढवतो. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात त्या दृश्यावरून तेव्हा वाद झाला, तो यामुळेच.

डय़ुई वर्गीकरणात हा फरक आकड्यांत दिसतो. मराठी कादंबरीचा वर्गांक ८९१.४६३, तर महाराष्ट्राच्या इतिहासाचा ९५४.७९२. म्हणजे 'स्वामी' आणि पेशव्यांचा इतिहास वेगवेगळ्या कपाटांत. पण आठवीतली मुलगी वर्गांक बघून पुस्तक उचलत नाही. तिच्यासाठी दोन्ही 'इतिहासाची पुस्तकं'च असतात.

अडचण 'प्रेरणादायी' या शब्दाची

'स्वामी' रमाबाईंच्या सती जाण्यापाशी संपते. वाचताना डोळ्यांत पाणी येतं, आणि सती जाणं म्हणजे प्रेमाची परिसीमा असं वाटू शकतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं यातून नेमकी काय प्रेरणा घ्यायची?

म्हणून पुस्तक लपवायचं का? नाही. पण ते देताना १८२९ साली कंपनी सरकारनं बंगाल इलाख्यात कायद्यानं सतीबंदी केली, राजा राममोहन रॉय यांनी त्यासाठी लढा दिला, हेही तिच्यापर्यंत पोचलं पाहिजे. हे पोचवू शकेल अशी व्यक्ती शाळेत असते ती म्हणजे ग्रंथपाल. तिनं स्वतः कादंबरी वाचलेली असेल, तरच तिला हे सुचेल.

मग वाचताना काय करायचं?

- दोन रकाने करा. एकात नोंद असलेल्या घटना, दुसऱ्यात लेखकानं रचलेलं. तारीख, ठिकाण, पत्र यांचा आधार आहे का ते बघा.
- जोडपुस्तक ठरवा. प्रत्येक कादंबरीसोबत इतिहासाचं एक पुस्तक सुचवता आलं पाहिजे.
- नाक मुरडू नका. प्रेमकथेसाठी आलेला वाचक पुढे इतिहासाकडे वळतो. हिणवलं तर तो ग्रंथालयात परत येत नाही.
- वय बघा. पाचवीतल्या मुलाला आणि दहावीतल्या मुलीला एकच पुस्तक चालत नाही.
- मुलांना विचारा, "हे लेखकाला कसं कळलं असेल?" या एका प्रश्नानं वाचन बदलतं.

आणि सोनगीरचं काय?

सोनगीरच्या मुलांच्या डोळ्यांसमोर रोज किल्ला असतो. त्याची गोष्ट त्यांना हवीच असणार. इथे मदतीला येतं धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले, त्यानंतर लगेच १९२७ मध्ये ही संस्था उभी राहिली. जुनी कागदपत्रं आणि पोथ्या इथे जपलेल्या आहेत.

कादंबरीनं लागलेली गोडी मुलांना अशा कागदापर्यंत घेऊन गेली, तर ग्रंथपालाचं काम झालं. एसटीत वाचलेली 'स्वामी'ची पानं त्याच कामाची तयारी आहेत.