जुन्या डिस्कव्हरीचा एअर सस्पेन्शन कॉम्प्रेसर का थकतो? तो पुन्हा कामाला कसा लावतात?

गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. सोबत संदेश येतो, सस्पेन्शनमध्ये बिघाड आहे, आता फक्त नेहमीचीच उंची मिळेल. बटण कितीही दाबलं तरी गाडी वर उचलली जात नाही.

लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 वापरणाऱ्या जगभरातल्या अनेकांना हा संदेश पाठ आहे. 2004 साली आलेली ही गाडी 2009 पर्यंत बनत होती. 2008 मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि पुढच्या वर्षी हे मॉडेल भारतातही आलं. म्हणजे यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता पंधरा वर्षांच्या पुढे गेली आहे.

या वयात बिघाडाचं खापर बहुतेक वेळा एका लहानशा यंत्रावर फुटतं. ते यंत्र म्हणजे हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर. तो खोलून दुरुस्त करता येतो. पण तो का झिजला, हे शोधलं नाही तर दुरुस्तीचे पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी असते. कसं, ते समजून घेऊ.

एअर सस्पेन्शन म्हणजे काय?

साध्या गाडीत चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये लोखंडी स्प्रिंग असते. एअर सस्पेन्शनमध्ये तिच्या जागी रबरी फुगा असतो. त्यात हवा भरली की गाडी वर येते, सोडली की खाली बसते.

डिस्कव्हरी 3 मध्ये चढ-उतार सोपा व्हावा म्हणून गाडी 50 मिमी खाली येते आणि खडबडीत वाटेसाठी 55 मिमी वर जाते. प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर असतो. हवा कुठे सोडायची ते व्हॉल्व्ह ब्लॉक ठरवतात. हवेचा साठा एका टाकीत असतो आणि टाकी भरायचं काम कॉम्प्रेसरचं.

टाकीतला दाब साधारण 15 बारच्या आसपास असतो. कारच्या टायरमध्ये तो सव्वादोन-अडीच बार असतो. म्हणजे हा दाब टायरच्या सहापट.

मग झिजतं नेमकं काय?

कॉम्प्रेसर म्हणजे विजेवर चालणारा पंप. मोटर फिरते, पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होतो आणि हवा दाबली जाते. हा पंप तेलाशिवाय चालतो, कारण तेलाचा अंश हवेबरोबर फुग्यांत आणि व्हॉल्व्हमध्ये जाऊन चालत नाही. म्हणून पिस्टनवर टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाची रिंग बसवलेली असते. ती स्वतःच निसरडी असते, पण वर्षानुवर्षं घासून पातळ होते.

रिंग पातळ झाली की हवा बाजूने निसटते. तेवढाच दाब तयार करायला पंपाला जास्त वेळ चालावं लागतं. जास्त वेळ चालला की तो तापतो आणि तापला की रिंग आणखी लवकर झिजते. तापमान मर्यादेबाहेर गेलं की कंट्रोल युनिट पंप बंद करून टाकतं.

गाडीच्या संगणकात तेव्हा अनेकदा सी 1 ए 20 हा कोड सापडतो. त्याचा अर्थ एवढाच की टाकी भरताना दाब हवा तितक्या वेगाने वाढत नाहीये. दोष रिंगचा आहे की गळतीचा, हे तो कोड सांगत नाही. अनेक जण इथेच फसतात.

खरा आरोपी बऱ्याचदा दुसराच असतो

फुग्याला बारीक चीर पडली किंवा पाइपचा जोड सैल झाला, तर हवा हळूहळू गळत राहते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालू होतो. म्हणजे पंप दमतो तो दुसऱ्याच्या दोषामुळे. नवा पंप बसवला आणि गळती तशीच ठेवली, तर नवाही त्याच वाटेने जातो.

त्यामुळे पाना हातात घेण्याआधी गळती शोधणं हे पहिलं काम. रात्री प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून ठेवायचं आणि सकाळी पुन्हा मोजायचं. जो कोपरा जास्त बसला, तिथे संशय.

मात्र यात एक गोम आहे. गाडी बंद असतानाही ही प्रणाली मधूनमधून जागी होते आणि चारही कोपरे एका पातळीला आणते. त्यामुळे गळती एकाच फुग्यात असली तरी सकाळी अख्खी गाडीच खाली आलेली दिसू शकते. म्हणून मोजमापाच्या रात्री बॅटरीची जोडणी काढून ठेवली, तर खरा कोपरा उघडा पडतो. नंतर साबणाचं पाणी फवारलं की जिथे बुडबुडे येतात तिथे गळती असते.

दुसरा शत्रू, ओलावा

हवा दाबली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन बाहेर पडतं. ते रोखण्यासाठी कॉम्प्रेसरला जोडूनच ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची नळी असते. नव्या बुटांच्या खोक्यात जी लहान पुडी मिळते, तेच काम इथे होतं. गाडी खाली बसते तेव्हा बाहेर पडणारी कोरडी हवा याच दाण्यांमधून जाते आणि जाताना त्यांच्यातला ओलावा घेऊन जाते.

पण गळती असेल तर हवा या वाटेने परत येतच नाही. दाणे ओलेच राहतात आणि शेवटी त्यांचा भुगा होतो. हा भुगा आणि रिंगची पूड मिळून व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोचते आणि व्हॉल्व्ह अडकू लागतात. कोकणासारख्या दमट हवेत दाण्यांवरचा भार अर्थातच जास्त.

दुरुस्ती कशी होते?

आधी सुरक्षेचं. फक्त हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. पाइप सुटला तर दोन टनांहून जड गाडी क्षणात खाली येते आणि निसटायला वेळ मिळत नाही. सांगाड्याखाली भक्कम स्टँड लावूनच काम करायचं. पाइप खोलण्याआधी प्रणालीतला दाब काढायचा आणि बॅटरी सोडवायची. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पुढचं काम साधारण असं चालतं.

1. कॉम्प्रेसर गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे, आवाज दाबणाऱ्या कव्हरमध्ये असतो. कव्हर, वायर आणि पाइप सोडवून तो खाली घेतात.
2. सिलिंडरचं डोकं खोलून आतली भिंत तपासतात. ती गुळगुळीत असेल तर ठीक. उभे खोल ओरखडे असतील तर एकटी नवी रिंग टिकणार नाही, सिलिंडरचाही बंदोबस्त करावा लागतो.
3. जुनी रिंग काढून नवी बसवतात. इथे ‘थोडं ग्रीस लावू’ हा मोह टाळायचा. त्यात पूड चिकटते आणि दाणेही खराब होतात.
4. नळीतले दाणे पूर्ण बदलतात, जाळ्या साफ करतात आणि रबरी ओ-रिंग नव्या टाकतात. नळीचं झाकण झटक्यात न उघडता हळूहळू सैल करायचं.
5. हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आणि त्याचा मार्ग चिखलाने तुंबला नाही ना, ते पाहतात.
6. रिले बदलतात. त्याचे संपर्क चिकटले तर पंप थांबतच नाही आणि नवी रिंगही जळते.
7. सगळं जोडून संगणकातला कोड पुसतात. टाकी किती वेळात भरते ते पाहतात आणि उघडलेल्या प्रत्येक जोडावर पुन्हा साबणाचं पाणी मारतात.

दुरुस्ती कधी करू नये?

मोटरचे ब्रश संपले असतील, आत पाणी शिरून गंज चढला असेल किंवा मोटर जळाल्याचा वास येत असेल, तर नुसती रिंग बदलून उपयोग नाही. तेव्हा पूर्ण कॉम्प्रेसरच बदलावा लागतो.

डिस्कव्हरी 3 मध्ये मुळात हिताची कंपनीचा पंप होता. नंतरच्या डिस्कव्हरी 4 मध्ये एएमके कंपनीचा पंप आला. तो जुन्या गाडीतही बसतो, पण त्यासाठी वायरिंगचा वेगळा जोड आणि कंट्रोल युनिटमध्ये सॉफ्टवेअरचा बदल लागतो. हा खर्च आधीच हिशेबात धरलेला बरा.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

दोनच प्रश्न पुरेसे आहेत. ‘गळती तपासली का?’ आणि ‘काढलेली रिंग नि दाणे दाखवता का?’ रिंग झिजलेली, दाणे कोरडे आणि गळती कुठेच नाही, तर पंप निव्वळ वयाने थकला होता असं समजायचं. दाणे ओलसर आणि पिठासारखे झाले असतील, तर हवा कुठून तरी निसटतेच आहे. ती जागा सापडेपर्यंत बिल चुकतं करायची घाई नको.