मेमरी कार्ड (डिजिटल कॅमेऱ्याचे)

डिजिटल कॅमेऱ्यातील छायाचित्रे व चित्रफिती साठवणारे, काढता-घालता येणारे साधन. यातील फ्लॅश चिपमध्ये माहिती विद्युत्‌भाराच्या रूपात राहते. म्हणून बॅटरी काढली तरी ती पुसली जात नाही. चिपमध्ये माहिती कोठे लिहायची, खराब झालेले कप्पे कसे वगळायचे, हे नियंत्रक ठरवतो. तो कार्डात आहे की कॅमेऱ्यात, यावर कार्डाचे आयुष्य बरेचसे अवलंबून राहिले.

नियंत्रकरहित कार्डे : स्मार्टमीडिया (तोशिबा, १९९५) जेमतेम ०·७६ मिमी. जाड होते. आत केवळ चिप असल्याने ते स्वस्त पडे. पण जास्त क्षमतेचे नवे कार्ड जुन्या कॅमेऱ्याला ओळखता येत नसे. त्याची क्षमता १२८ मेगाबाइटवरच थांबली. ऑलिंपस व फुजीफिल्म यांनी २००२ मध्ये त्याच्या जागी आणलेले एक्सडी कार्डही याच घडणीचे होते. ते २ गिगाबाइटच्या पुढे गेले नाही.

नियंत्रकयुक्त कार्डे : सॅनडिस्कचे कॉम्पॅक्टफ्लॅश (१९९४) संगणकाच्या हार्ड डिस्कसारखेच कॅमेऱ्याशी जोडले जाई. त्याच्या जाड खाचेत आयबीएमची मायक्रोड्राइव्ह ही इवली हार्ड डिस्कही बसे. व्यावसायिक छायाचित्रकारांनी ते दीर्घकाळ वापरले. मात्र खाचेतील ५० बारीक पिनांपैकी एखादी वाकली की कॅमेरा दुरुस्तीला जाई. सोनीच्या मेमरी स्टिकमध्येही (१९९८) नियंत्रक होता. पण इतर कॅमेरा कंपन्यांनी ती फारशी स्वीकारली नाही. २०१० मध्ये सोनी स्वतःच एसडी कार्डे विकू लागली.

एसडी : सॅनडिस्क, पॅनासॉनिक व तोशिबा यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेले हे कार्ड ३२ × २४ × २·१ मिमी. आकाराचे असते. बाजूची खिटी सरकवली की त्यावर लिहिणे बंद होते. आकार तोच ठेवून क्षमतेची मर्यादा वाढत गेली : एसडी २ गिगाबाइट, एसडीएचसी ३२ गिगाबाइट, एसडीएक्ससी २ टेराबाइट. नव्या कॅमेऱ्यात जुने कार्ड सहसा चालते. जुन्या कॅमेऱ्यात नवे चालेलच असे नाही.

सीएफएक्सप्रेस : यात संगणकातील एसएसडीप्रमाणे पीसीआय एक्सप्रेस जोडणी असते. ‘बी’ प्रकाराचा आकार आधीच्या एक्सक्यूडी कार्डाएवढाच असल्याने निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत केवळ फर्मवेअर बदलून तो चालू लागला. ‘ए’ प्रकार त्याहून लहान असतो. २·० आवृत्तीत ‘बी’ची सैद्धांतिक वेगमर्यादा सेकंदाला सुमारे २,००० मेगाबाइट आहे, एसडीच्या यूएचएस-२ जोडणीची ३१२ मेगाबाइट.

वेगाच्या खुणा : कार्डावर ठळक छापलेला आकडा बहुधा वाचनाचा कमाल वेग असतो. चित्रीकरणात महत्त्वाचा ठरतो तो लेखनाचा सलग टिकणारा किमान वेग. एसडी कार्डावरील व्ही३०, व्ही६० व व्ही९० या खुणा तो अनुक्रमे सेकंदाला ३०, ६० व ९० मेगाबाइट असल्याचे दर्शवतात.