मातृभाषेचा रकाना

आमच्या लग्नाला तीस वर्षं उलटून गेली, तरी आमच्या घरात एक गोष्ट अजून सांगितली जाते. मी रायगडच्या किनाऱ्यावरचा कोकणी मुसलमान आणि बायको मराठवाड्यातली. धर्म एकच, त्यामुळे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना वाटलं, जुळवून घ्यायला फारसं काही नाहीच. निकाह झाला, सून घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी आई मागल्या दारी कामात होती. तिथूनच तिनं आवाज दिला, "गो बाय, टोप उतरव आधी!" चुलीवर भाताचा टोप उकळत होता. नव्या नवरीनं इकडेतिकडे पाहिलं आणि खुंटीवरची माझ्या वडिलांची टोपी काढून अदबीनं आईच्या हातात नेऊन दिली. भात करपला. आई हसत सुटली, आणि ती पोर मात्र रडायला लागली.

पहिले दोन महिने ती फारसं बोललीच नाही. आईला वाटलं, शहरातली आहे, शिष्ट आहे. तिला वाटलं, सासू सारखी रागावलेली असते. खरं कारण साधं होतं. आमच्या किनाऱ्यावर माणसं मोठ्यानं बोलतात. समोर समुद्राची गाज, माडांची सळसळ. हळू बोलाल तर ऐकणार कोण? तिच्या माहेरी मोठा आवाज म्हणजे भांडण. एकाच घरात, एकाच कलम्याच्या दोन बायका, आणि मध्ये दुभाष्या म्हणून मी!

त्या दिवसांत मला एक प्रश्न पडला आणि तो पुढे आयुष्यभर सोबत राहिला. हजार वर्षांपूर्वी माझा कोणी पूर्वज अरबस्तानातून गलबतानं इथे आला असेल आणि त्यानं इथल्या मुलीशी लग्न केलं असेल, तर त्या दोघांनी पहिल्या सकाळी एकमेकांशी काय बोलणं केलं असेल? आणि कुठल्या भाषेत?

हा केवळ कवीचा कल्पनाविलास नाही. अलिबागच्या दक्षिणेला चौल आहे. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि जुने अवशेष दिसतात. पण एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. अरब लोक त्याला 'सैमूर' म्हणत. हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, बगदादचा प्रसिद्ध प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी या बंदरात उतरला. तेव्हा सार्वभौम सत्ता राष्ट्रकूटांची होती आणि चौलवर त्यांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. मसूदीनं लिहून ठेवलं आहे की, या गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक आहेत. त्यांनी इथे लग्नं केली आणि इथेच घरं केली. त्यांच्यातलाच एक प्रमुख राजानं नेमलेला असे, आणि त्यांचे आपापसातले तंटे तो सोडवीत असे.

मसूदी आणखी एक शब्द देतो: 'बयासिरा'. मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलांना तिथे असं म्हणत, असं तो सांगतो. म्हणजे दहाव्या शतकाच्या आरंभी ही संसारं इतकी रुळलेली होती की, त्यांच्या मुलांसाठी एक वेगळा शब्दच तयार झाला होता!

ही लग्नं होण्यामागे वाऱ्याचा मोठा हात होता. 'मोसम' हा शब्द मुळात अरबी. ठरावीक वेळ, हंगाम असा त्याचा अर्थ. नैर्ऋत्येचे वारे ओसरू लागले की त्यांच्या शेवटच्या जोरावर अरबी गलबतं आपल्या किनाऱ्याला लागत, आणि हिवाळ्यात ईशान्येचे वारे सुटले की परत फिरत. मधले महिने बंदरात काढावे लागत. माल वेळेवर मिळाला नाही आणि परतीचा वारा चुकला, तर पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम. व्यापाऱ्याला वखार लागे, राखणदार लागे, विश्वासाचं माणूस लागे, आणि शेवटी घर लागे. लांबच्या समुद्रप्रवासात बायका सहसा नसत. तेव्हा घर उभं राहायचं ते इथल्या बाईच्या हातानं.

त्या घरात दिवस कसा जात असेल? दहाव्या शतकातलाच दुसरा अरब भूगोलकार इब्न हौकल एक छान निरीक्षण नोंदवतो. खंबायतपासून सैमूरपर्यंतच्या पट्ट्यात मुसलमान आणि इतर लोक यांचा पोशाख सारखाच असतो, दाढी राखण्याची तऱ्हाही सारखीच असते, आणि उकाड्यामुळे सगळे तलम कापड वापरतात, असं तो म्हणतो. बसऱ्याहून आलेल्या माणसाचा झगा कोकणच्या दमट हवेत किती दिवस टिकणार? अंगावरचं कापड बदललं, ताटातला खजूर आणि गव्हाची रोटी जाऊन तांदूळ आणि नारळ आला. नमाज तीच राहिली. जिभेचं मात्र काय झालं असेल?

इथे चौलचे कागद थांबतात. पण याच किनाऱ्यावर खाली मंगळूरला, दोनशे वर्षांनंतरचं एक घर आपल्याला बरंच जवळून पाहता येतं. ते घर मुसलमानाचं नाही, एका ज्यू व्यापाऱ्याचं आहे. त्याचं नाव अब्राहम बेन यिजू. मूळ गाव आजच्या ट्युनिशियातलं महदिया. एडनमार्गे तो मंगळूरला आला आणि ११३२ ते ११४९ या काळात मुख्यतः तिथेच राहिला. मिरी, सुपारी, लोखंड पाठवायचा. त्याचा पितळी भांड्यांचा कारखानाही होता. एडनचे मित्र मोडकी भांडी आणि तांबं पाठवीत आणि नवी भांडी करून मागवीत. त्याची पत्रं, हिशेब, याद्या कैरोच्या जुन्या भागातल्या एका सिनेगॉगच्या कोठीत सापडल्या. देवाचं नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, या श्रद्धेमुळे तिथे शतकानुशतकं कागद साठत गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतले असंख्य कागद केंब्रिजला नेण्यात आले. एस. डी. गोइटाइन या विद्वानानं हयातभर त्यांवर काम केलं, आणि अमिताव घोष यांनी १९९२ साली याच बेन यिजूच्या शोधावर 'इन ॲन अँटिक लँड' हे पुस्तक लिहिलं.

१७ ऑक्टोबर ११३२ या तारखेचं एक मुक्तिपत्र त्या कागदांत आहे. मंगळूरला बेन यिजूनं अशू नावाच्या तुळुव दासीला मुक्त केलं. तिला नवं नाव मिळालं, बेराखा. म्हणजे बरकत, आशीर्वाद. या अशूशी त्यानं संसार केला, असं अभ्यासक मानतात. मुलं झाली. मुलीचं नाव 'सित्त अल-दार', म्हणजे घरची मालकीण. मुलाचं नाव सुरूर, म्हणजे आनंद. 'नायर' नावाचा मेहुणाही त्याच्या हिशेबात भेटतो.

आता हा संसार डोळ्यांसमोर आणून पाहा. नवरा अरबी बोलतो आणि ती हिब्रू अक्षरांत लिहितो. बायकोच्या कानावर लहानपणापासून तुळू. एडनहून गलबत आलं की त्यातून साखर, मनुका, बदाम आणि लिहायला कागद यायचा. ते गाठोडं सोडताना अशूनं कुठल्या वस्तूला काय म्हटलं असेल? नवऱ्यानं 'सुक्कर' म्हटलं असेल, तिनं आपला शब्द सांगितला असेल, आणि मुलांनी दोन्ही उचलले असतील. नव्या संसारात भाषा अशीच शिकली जाते. व्याकरणानं नाही, वस्तूला बोट लावून. माझ्या बायकोनं 'टोप' असाच शिकला, आणि त्या दिवसापासून तो विसरली नाही.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. या ढीगभर कागदांत अशूचा स्वतःचा एकही शब्द नाही. तिला मुक्त केलं, तिचं नाव बदललं, मुलांना अरबी नावं ठेवली. यातलं काही तिला विचारून झालं होतं का? दासी म्हणून घरात आलेल्या बाईला 'नाही' म्हणण्याची मुभा किती असणार? ११४९ साली बेन यिजू मुलांना घेऊन एडनला परतला. पुढे ११५६ मध्ये मुलीचं लग्न त्यानं इजिप्तमध्ये आपल्या भावाच्या मुलाशी लावलं. परतीच्या त्या हकिकतीत अशू कुठे दिसत नाही. म्हणून अशा विवाहांकडे संस्कृतींचा गोड संगम म्हणून पाहताना मी जरा थबकतो. संगम होता हे खरं. पण तिच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं.

आणि तरीही या किनाऱ्यावर एक नवल घडलं. ज्या बायकांचा शब्द कागदावर आला नाही, त्यांचीच भाषा टिकली! भटकळचे नवायत बघा. अरब वंशाचा अभिमान बाळगणारे, पण त्यांची बोली कोकणीच्या मुशीतली, त्यात अरबी-फारसी शब्द विरघळलेले. मलबारचे मापिळा मल्याळम बोलतात. पूर्वी ते ती अरबी लिपीत लिहीत. आमच्या शेजारचे बेने इस्रायल सिनेगॉगमध्ये हिब्रू प्रार्थना म्हणायचे आणि घरी येऊन मराठी बोलायचे. आडनावंही गावांवरून, रोहेकर, केहिमकर. आणि आम्ही कोकणी मुसलमान. धर्म समुद्रावरून आला, भाषा जमिनीवर होती तीच राहिली. ती मुलांना देणारी आई इथली होती.

मराठीतले शब्द चाळून पाहिले तरी गंमत दिसते. हिशेब, नफा, माल, किंमत, तारीख हे मूळचे अरबी. पुढच्या शतकांत बहुतेक फारसीच्या वाटेनं आलेले. हे सारे बाजारातले आणि कचेरीतले. पण चूल, उखळ, मुसळ, पाटा, वरवंटा, भात, भाकरी? आमच्या घरातही हे शब्द तेच आहेत, जे शेजारच्या आगरी किंवा कोळी घरात आहेत. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडताना परका शब्द जरा दबकतच आत येतो.

मला हे सगळं शोधण्याची गरज का पडली, तेही सांगतो. मी पहिलीत गेलो तेव्हा मास्तरांनी माझं नाव ऐकलं आणि दाखल्यावर 'मातृभाषा' या रकान्यात न विचारता 'उर्दू' लिहिलं. माझ्या आईला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो, बी.ए. झालो, तरी कौतुक करणारे म्हणत, "तुम्ही मराठी किती छान शिकलात!" शिकलो? ज्या भाषेत आईनं अंगाई म्हटली, ती कोणी शिकतं का? मग मी चौलच्या त्या दहा हजारांचा दाखला देऊ लागलो. सांगू लागलो की, मातृभाषा म्हणजे आईची भाषा, आणि आमच्या आया हजार वर्षं इथल्याच आहेत.

पण माझ्या या युक्तिवादाला घरातच एकदा चांगला पेच बसला. मुलीचं नाव शाळेत घालायची वेळ आली. अर्ज माझ्या हातात होता. मातृभाषेच्या रकान्यात मी झोकात 'मराठी' लिहिलं. बायकोनं तो अर्ज वाचला आणि शांतपणे म्हणाली, "माँ तो मैं हूँ ना? मेरेकू पूछे?"

मला उत्तर सुचलं नाही. माझ्याच व्याख्येनं मुलीची मातृभाषा दखनी होती. मास्तरांनी माझ्या बाबतीत जे केलं, तेच मी माझ्या घरात केलं होतं. हातात लेखणी असली की माणूस दुसऱ्याचा रकाना किती सहज भरतो! त्या क्षणी मला अशू आठवली.

त्यानंतर मी बायकोची दखनी नीट ऐकू लागलो. तोवर ती मला अशुद्ध उर्दू वाटायची. ऐकता ऐकता लक्षात आलं की, तिचं 'नक्को' म्हणजे आपलंच 'नको' आहे. तिच्या 'मैंच', 'तूच', 'वोइच' यांना लागलेला 'च' मराठीचा आहे. दिल्लीच्या उर्दूत तो मिळायचा नाही. म्हणजे ती आमच्या घरात आली तेव्हाही मराठीचा एक तुकडा तोंडात घेऊनच आली होती. तो मला ऐकू आला नव्हता, आणि माझ्या आईलाही.

मागच्या वर्षी आमच्या मुलीनं तिच्या मुलाला शाळेत घातलं. अर्ज भरता भरता तिनं आईला फोन केला, "अम्मी, मातृभाषा काय लिहू गं?" बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "जिस जबान में डाँटती, वोइच लिख."

मुलीनं काय लिहिलं, ते मी विचारलं नाही. रकाना तिचा होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)