पॅकेट-स्वीकार, लिनक्स कर्नलमधील

नेटवर्क कार्डावर आलेला डेटा अॅप्लिकेशनच्या हाती देणारी लिनक्समधील यंत्रणा. अॅप्लिकेशनला यातले सॉकेट तेवढे दिसते. ते १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधून आले.

कार्ड आलेली फ्रेम डीएमएने थेट मेमरीत, ड्रायव्हरने आधीच मांडलेल्या रिंग बफरमध्ये उतरवते आणि इंटरप्ट देते. सगळ्या रचनेचा कस लागतो तो इथेच. पॅकेटागणिक इंटरप्ट येऊ दिला, तर रहदारी वाढताच प्रोसेसर त्यातच गुंतून पडतो. पॅकेट घेतली जातात, पण ती वाचायला अॅप्लिकेशनला सवडच मिळत नाही. या ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ची उकल जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये केली. लिनक्समधला त्यावरचा उपाय, ‘नॅपी’, जमाल हदी सलीम, रॉबर्ट ओल्सन व अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी २००१ च्या निबंधात मांडला. पहिल्या इंटरप्टनंतर कार्डाच्या त्या रांगेचे पुढचे इंटरप्ट बंद होतात आणि सॉफ्टआयआरक्यू या पुढे ढकललेल्या कामाच्या टप्प्यात कर्नल स्वतःच रिंग उपसतो : एका रांगेतून एका वेळी सहसा ६४ पॅकेट, सगळ्या रांगा मिळून ३००. कोटा किंवा ठरलेला वेळ संपला की उरलेले काम केसॉफ्टआयआरक्यूडी या थ्रेडकडे जाऊ शकते. हा थ्रेड इतर प्रोसेसच्याच बरोबरीने प्रोसेसरची वाट पाहतो. अॅप्लिकेशनचा वाटा राखला जातो तो यामुळेच.

पुढे पॅकेट ‘एसके-बफ’ या रचनेतून आयपी आणि टीसीपी वा यूडीपी थरांतून वर चढते. हेडर उलगडताना डेटा हलत नाही, पॉइंटर सरकतो. पत्ता व पोर्ट यांवरून सॉकेट सापडते, पॅकेट त्याच्या रांगेत लागते आणि वाट पाहणारी प्रोसेस जागी होते. रिसीव्ह कॉल डेटा अॅप्लिकेशनच्या मेमरीत कॉपी करतो.

अॅप्लिकेशन मागे पडले तर टीसीपी आपली विंडो आक्रसून पाठवणाऱ्याला थांबवते. यूडीपी मात्र नवे पॅकेट टाकून देते. पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही, फक्त यजमान यंत्रावरच्या आकडेवारीत ‘रिसीव्ह बफर एरर’ वाढलेला दिसतो. सॉकेटच्या रांगेची मूळ मर्यादा दीर्घकाळ २,१२,९९२ बाइट राहिली आहे, पण मोजदाद एसके-बफच्या वजनासकट होते. एका बाइटाचा संदेशही काही शे बाइट खातो, म्हणून बारीक संदेशांच्या लोंढ्यात ही रांग अपेक्षेपेक्षा फार लवकर भरते.

अनेक सॉकेटांवर एकत्र लक्ष ठेवण्यासाठी अॅप्लिकेशन ईपोल ही यंत्रणा वापरते.

या नेहमीच्या वाटेला बगल देणारी एक्सडीपी (२०१६) ही सोय एसके-बफ बनण्याआधीच, ड्रायव्हरपाशी, पॅकेटाचा निर्णय लावते. एएफ-एक्सडीपी (२०१८) ते थेट अॅप्लिकेशनच्या बफरमध्ये पोचवू शकते. कर्नलला पूर्ण वळसा घालणाऱ्या डीपीडीकेशी यांच्या वेगाची तुलना कार्ड, ड्रायव्हर व पॅकेटाच्या आकारानुसार बदलते.